केळ्यांचा घड आणि चिंपांझींची लढाई

म्हसावद हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. इथून रस्ता तोरणमाळकडे जातो. परिसरात केळी, पपई आणि ऊस. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर इथल्या मुलांना पुस्तकातल्या चित्रात पाहावा लागत नाही. तिथल्या एका शाळेत प्राण्यांच्या वर्तनावर बोलायला गेले होते. माझे स्वतःचे संशोधन कीटकांवरचे आहे. पण मुलांना मुंग्यांपेक्षा चिंपांझी अधिक आवडतात हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे मी जेन गुडॉल यांच्यापासूनच सुरुवात केली. वाळवीच्या वारुळात काडी घालून वाळवी बाहेर काढून खाणारा चिंपांझी, त्याचे नाव डेव्हिड ग्रेबिअर्ड, तो गुडॉलबाईंच्या तंबूतून केळी कशी पळवू लागला, वगैरे. तेवढ्यात नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, त्यांनी चिंपांझींना केळी खायला घातली ना? मग ते आमच्याकडच्या वानरांसारखे बिघडले नसतील कशावरून?"

वर्ग हसला, शिक्षकही हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. केळीच्या बागेला चटावलेली टोळी जंगलातल्या टोळीसारखी वागत नाही, ती जागा सोडत नाही, आपसांत भांडते आणि माणसावरही धावून येते, हे तिथला प्रत्येक शेतकरी सांगतो. मग केळ्यांवर आणलेले चिंपांझी पाहून "चिंपांझी असे वागतात" हे म्हणायचे कशाच्या आधारावर? मी काहीतरी उत्तर दिले. त्याने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही. परत आल्यावर कपाटातून 'इन द शॅडो ऑफ मॅन' पुन्हा काढले. कॉलेजात असताना वाचले होते तेव्हा केळ्यांचा भाग गमतीची गोष्ट म्हणून वाचून पुढे गेले होते. या वेळी पेन्सिल हातात घेऊन वाचले.

पुस्तक १९७१ सालचे. गुडॉल १४ जुलै १९६० रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, टांगानिका सरोवराच्या काठी गोंबेच्या जंगलात उतरल्या. हाती पदवी नव्हती. लुई लीकी यांनी पाठवले एवढीच शिफारस. सुरुवातीचे महिने चिंपांझी दुरूनच पळून जात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. चिंपांझी मांस खातो, आणि तो काडी निवडून, तिची पाने काढून, तिचे हत्यार करतो. हत्यार बनवणारा प्राणी तो माणूस, ही व्याख्या त्या काडीने मोडीत निघाली. १ ऑक्टोबर २०२५ रोजी गुडॉल गेल्या, त्या वेळी मी वाचलेल्या बहुतेक लेखांत ही काडी होती. केळी एखाद्याच लेखात दिसली.

पुस्तकाचे मोठेपण कमी करण्याचा माझा हेतू नाही. फ्लो ही म्हातारी मादी, तिची मुलगी फिफी, तिचा धाकटा फ्लिंट यांची जी चित्रे गुडॉलबाईंनी काढली आहेत, तशी त्याआधी कोणत्याही प्राण्याची निघाली नव्हती. प्राण्यांना क्रमांक न देता नावे देणे अशास्त्रीय आहे असे तेव्हा अनेक विद्वान मानत. आज ते योग्यच होते असे आपण म्हणतो, कारण एकेका प्राण्याची ओळख पटल्याशिवाय कोण कोणाची आई आणि कोण कोणाचा भाऊ, हे वीस वर्षांनी सांगता येत नाही. काडीबद्दलही मुलीचा आक्षेप लागू पडत नाही. ते दृश्य केळी सुरू होण्याआधीचे आहे.

आता केळ्यांकडे वळू. १९६१ मध्ये डेव्हिड ग्रेबिअर्ड तंबूजवळच्या ताडाची फळे खायला येऊ लागला आणि त्याला टेबलावरची केळी सापडली. मग त्याच्यासाठी मुद्दाम केळी ठेवणे सुरू झाले. त्याच्या मागोमाग इतर आले. १९६३ पासून रीतसर खाद्यकेंद्र उभे राहिले. केळी एका वेळी सगळ्यांना दिसू नयेत म्हणून दुरून तरफेने उघडणाऱ्या झाकणाच्या पेट्या बसवल्या, तर फिगान आणि इव्हर्ड यांसारख्या हुशार पोरांनी त्या उघडण्याची युक्ती शोधून काढली. बबून माकडांच्याही झुंडी येऊ लागल्या, आणि केळ्यांवरून चिंपांझी-बबून मारामाऱ्या जुंपू लागल्या. चिंपांझी दिवसेंदिवस छावणीभोवती रेंगाळू लागले, मोठ्या घोळक्याने येऊ लागले, चिडखोर झाले. हे सर्व मी पुस्तकातूनच सांगते आहे. गुडॉलबाईंनी काहीही लपवलेले नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. एवढे स्पष्ट सांगून झाल्यावर पुस्तक पुन्हा जुन्या वाटेने चालू लागते. कोण वरचढ, कोण कोणाला भितो, कोणाची कोणाशी मैत्री, यांतल्या कितीतरी नोंदी छावणीतल्या आहेत; पण त्या "चिंपांझींचे सामाजिक जीवन" म्हणून येतात. अमुक घटना पेटीजवळची की डोंगरातली, हे वाचकाला पानोपानी कळत नाही. माइकचे उदाहरण घ्या. दुबळ्या दर्जाच्या या नराने छावणीतले रॉकेलचे रिकामे डबे उचलले, ते खडखडवत, आपटत तो इतर नरांवर धावून गेला आणि बघता बघता टोळीत पहिल्या क्रमांकावर पोचला. पुस्तकात हा माइकच्या बुद्धीचा पुरावा आहे, आणि तो आहेच. पण आफ्रिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध 'मुक्त' चिंपांझी टोळीचा नायक माणसाने आणलेल्या डब्यांनी ठरला, ही त्याच घटनेची दुसरी बाजू आहे. तिच्यावर लेखिका थांबत नाहीत. आपल्याकडे मराठीत लिहिताना आपणही थांबत नाही. डब्यांची गोष्ट मी स्वतः दोन-तीन व्याख्यानांत टाळ्यांसाठी सांगितली आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की अशी लालूच दाखवणारे गुडॉल एकट्या नव्हत्या. जपानच्या कोशिमा बेटावर १९५२ पासून माकडांना रताळी देत. १९५३ मध्ये इमो नावाच्या छोट्या मादीने रताळे पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली, आणि प्राण्यांतल्या 'संस्कृती'चे ते पहिले गाजलेले उदाहरण ठरले. ते रताळेही माणसानेच टाकलेले. टांगानिका सरोवराच्याच काठी, गोंबेच्या दक्षिणेला महाले पर्वतात निशिदा यांनी चिंपांझींना ऊस दिला. (म्हसावदच्या वर्गात हे सांगायचे राहिले. ऊस आणि केळी, दोन्ही तिथल्या शिवारातली!) माणसाला पाहताच पळणारा प्राणी अभ्यासायचा तर त्या काळी दुसरा झटपट मार्ग कोणाला दिसत नव्हता.

आता तिसरा प्रसंग, आणि हा आपल्या सीमेवरचा. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या आणि मराठी माणसाला नाटकांमुळे, गाण्यामुळे परिचित असलेल्या धारवाडजवळच्या जंगलात १९६१ ते १९६३ या काळात जपानी आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या संयुक्त पथकाने वानरांचा अभ्यास केला. युकिमारू सुगियामा हे त्यातले प्रमुख निरीक्षक. त्याआधी फिलिस जे या अमेरिकन विदुषीने उत्तर व मध्य भारतात वानर पाहून त्यांच्या शांत स्वभावाचे वर्णन केले होते. धारवाडला सुगियामांनी भलतेच पाहिले. नरांचे एक टोळके एका टोळीवर चालून आले, तिथल्या मुख्य नराला त्यांनी हुसकले, अखेर त्यांतला एकच नर टोळीचा मालक म्हणून उरला आणि पुढच्या काळात टोळीतली अंगावर पिणारी पिल्ले चाव्यांनी जखमी होऊन एकामागून एक नाहीशी झाली. दुसऱ्या एका टोळीतून सुगियामांनी स्वतःच मुख्य नर पकडून बाजूला केला. शेजारचा नर आला आणि तिथेही पिल्लांवर हल्ले झाले.

मारुतीचे रूप मानलेल्या प्राण्याने पिल्ले मारावीत ही गोष्ट पचायला जड होती. शास्त्रज्ञांनाही ती पचली नाही, मात्र कारण वेगळे. प्राणी आपल्याच जातीचा नाश करील कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा सोपे उत्तर पुढे आले: धारवाडला वानरांची दाटी फार, माणसाचा त्रास फार, म्हणून हे विकृत वर्तन. म्हणजे नववीतल्या त्या मुलीचेच म्हणणे, फक्त केळ्यांऐवजी गर्दी.

हे तपासायला सारा हर्डी ही हार्वर्डची विद्यार्थिनी १९७१ मध्ये माउंट अबूला आली. जोधपूरला मोहनोत यांनी त्याच सुमारास अशाच घटना नोंदल्या होत्या. हर्डी आल्या त्या दाटीचे गृहीतक मनात घेऊन, आणि गेल्या वेगळेच घेऊन. त्यांचे 'द लंगूर्स ऑफ अबू' १९७७ मध्ये निघाले. त्यांचा युक्तिवाद असा. अंगावर पाजणारी मादी माजावर येत नाही. नव्या नराची सद्दी सरासरी दोन-अडीच वर्षांची. तेवढ्यात त्याला स्वतःची संतती हवी, आणि ती पुढच्या आक्रमकाच्या तावडीतून सुटण्याइतकी वाढायलाही हवी. आधीच्या नराचे पिल्लू मेले की मादी लवकर माजावर येते. त्यामुळे पिल्लू मारणाऱ्या नराची संतती अधिक होते आणि ही प्रवृत्ती पिढ्यान्पिढ्या टिकते. येथे विकृती मानण्याचे कारण उरत नाही. नैसर्गिक निवडीचे साधे, कठोर गणित पुरते. पुस्तकाचा मला अधिक आवडणारा अर्धा भाग माद्यांचा आहे. त्या बघ्याच्या भूमिकेत नाहीत. म्हाताऱ्या माद्या मिळून नव्या नरावर तुटून पडतात. काही गाभण माद्या नव्या नराशीही समागम करतात, म्हणजे पुढे होणारे पिल्लू आपले नव्हे हे त्याला कळू नये.

टीकाकारांनी हर्डीबाईंना बरोबर कचाट्यात धरले. नोंदींपैकी फार थोड्या प्रत्यक्ष हत्येच्या होत्या. बाकी ठिकाणी नर आला आणि पिल्लू दिसेनासे झाले, एवढेच. शिवाय अबूला प्रवासी वानरांना खायला देतात, जोधपूरला भाविक देतात. पुन्हा तोच प्रश्न! 'रणनीती' हा हर्डी यांचा शब्दही वाचकाला चकवतो, वानर बसून बेत आखतो असे वाटायला लावतो. पण हर्डी यांचे पुस्तक एका बाबतीत गुडॉल यांच्या पुस्तकापेक्षा सरस आहे. आपले म्हणणे खोटे ठरायचे असेल तर काय दिसावे लागेल, हे त्यात स्पष्ट आहे. मारणारा नर मेलेल्या पिल्लाचा बाप निघाला, किंवा त्या मादीचे पुढचे पिल्लू त्याचे नसले, तर सगळा डोलारा कोसळेल. त्यामुळे वीस वर्षांनी दुसऱ्या कोणालातरी ते तपासता आले. नेपाळच्या रामनगर येथे वानरांना कोणी खायला देत नाही. तिथे कॅरोला बोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष्ठेतून डीएनए काढून नाती लावली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, आणि त्या माद्यांच्या पुढच्या पिल्लांचे बहुधा तेच बाप होते.

धारवाडचे सुगियामा पुढे आफ्रिकेत गेले आणि १९७६ पासून गिनी देशातल्या बोसू येथे दगडाने कवची फळे फोडणाऱ्या चिंपांझींचा अभ्यास त्यांनी उभा केला. वानर आणि चिंपांझी यांचे संशोधन असे माणसांनीच जोडलेले आहे. (प्राण्यांच्या नात्याने म्हणाल तर चिंपांझी वानरापेक्षा आपल्याला फार जवळचा. आपली आणि चिंपांझीची वाट साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी फुटली, वानरांची अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी. शेपूट नसलेल्या चिंपांझीला पाठ्यपुस्तकी भाषेत आपण 'वानर' म्हणतो, त्याने वर्गात किती घोळ होतो हे शिक्षकांना सांगायला नकोच.)

गोंबेकडे परत येऊ. 'इन द शॅडो ऑफ मॅन' वाचून मिटले की चिंपांझी हे थोडे भांडखोर पण एकंदरीत प्रेमळ प्राणी वाटतात. पुस्तक निघाल्यानंतर तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, चित्र पालटले. टोळी फुटून कासाकेला आणि काहामा असे दोन गट झाले होते. जानेवारी १९७४ मध्ये कासाकेलाच्या नरांनी काहामाच्या गोडी नावाच्या नराला एकटे गाठून जीवघेणी मारहाण केली. चार वर्षांत काहामाचे नर संपले. बळी आणि मारेकरी एकेकाळी एकमेकांच्या अंगातल्या उवा काढणारे. याच काळात पॅशन आणि तिची मुलगी पॉम या माद्यांनी टोळीतलीच पिल्ले मारून खाल्ली. गुडॉल यांनी हे सर्व १९८६ च्या मोठ्या ग्रंथात आणि १९९० च्या 'थ्रू अ विंडो'त प्रामाणिकपणे लिहिले.

साहजिकच बोट केळ्यांकडे गेले. गोंबेतच काम केलेल्या रिचर्ड रँगम यांनी १९७४ मध्येच दाखवले होते की केळी दिलेल्या काळात भांडणे वाढतात. १९९१ मध्ये मार्गारेट पॉवर यांनी 'दि इगॅलिटेरियन्स' या ग्रंथात प्रसिद्ध नोंदी चाळून बाजू मांडली की मूळचे चिंपांझी समतावादी व शांत, खाद्यकेंद्राने त्यांना हिंस्र केले. ग्रंथ वाचनीय आहे, पण एक गोष्ट खटकते. केळी देण्यापूर्वीच्या ज्या नोंदी पॉवर आधाराला घेतात, त्या काळी चिंपांझी माणसाला पाहून पळत होते. ज्यांना नीट पाहताच येत नाही, ते शांत आहेत हे कळणार कसे? फिलिस जे यांच्या शांत वानरांबद्दलही हीच शंका घेता येते. टोळीतला नर बदलण्याची घटना वर्षानुवर्षांत एकदा घडते आणि निरीक्षक काही महिने थांबतो.

मग यातून सुटका कशी? एका गोंबेकडे कितीही निरखून पाहिले तरी नाही. केळी दिलेल्या आणि न दिलेल्या अनेक टोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तरच. २०१४ मध्ये मायकेल विल्सन आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये तेच केले. चिंपांझींचे १८ आणि बोनोबोंचे ४ समूह, मिळून पाच दशकांच्या नोंदी. चिंपांझींनी केलेल्या १५२ हत्या. त्यांतल्या ५८ प्रत्यक्ष पाहिलेल्या, ४१ पुराव्यावरून ठरवलेल्या, ५३ संशयित. बोनोबोंची फक्त एक, तीही संशयित. हत्यांचे प्रमाण खाद्य दिले की नाही याच्याशी जुळले नाही. टोळीत नर किती आणि वस्ती किती दाट याच्याशी जुळले. सर्वांत अधिक हत्या युगांडातल्या किबाले जंगलातील एनगोगो येथे, जिथे कधीच केळी दिली गेली नाहीत. तिथल्या चिंपांझींनी तर शेजाऱ्यांना मारून मारून १९९९ ते २००९ या काळात आपला प्रदेश २२ टक्क्यांनी वाढवला होता. चर्चा यानेही मिटली नाही. ब्रायन फर्ग्युसन यांनी २०२३ च्या आपल्या जाड ग्रंथात माणसाच्या उपद्रवाचा मुद्दा ठिकाणवार पुन्हा मांडला आहे. मला २०१४ चा पुरावा अधिक वजनदार वाटतो, पण फर्ग्युसन एकेका जागेचा इतिहास ज्या बारकाईने विचारतात, ती सवय मोलाची आहे.

तर त्या मुलीच्या प्रश्नात खरे म्हणजे दोन प्रश्न होते, आणि वर्गात मी त्यांची गल्लत केली. खायला घातल्याने वागणे बदलते का? बदलते, यात शंका नाही. गोंबेत घोळके आणि भांडणे वाढली. जोधपूरच्या पोसलेल्या वानरांत दोन बाळंतपणांतले अंतर सव्वा वर्षाच्या आसपास, तर न पोसलेल्या रामनगरला जवळजवळ अडीच वर्षे! म्हसावदचा शेतकरी चटावलेल्या टोळीबद्दल जे सांगतो, त्याच्याशी हे सारे जुळते. दुसरा प्रश्न, हत्या केळ्यांनी जन्माला घातल्या का? त्याचे उत्तर, उपलब्ध पुराव्यावरून, नाही. पहिल्याचे 'होय' पाहून दुसऱ्यालाही 'होय' म्हणणे ही पॉवर यांची चूक. दुसऱ्याचे 'नाही' मिळाले म्हणून पहिला विसरणे ही आम्हा लोकप्रिय लेखन करणाऱ्यांची. गोंबेतले खाद्य १९६० च्या दशकाच्या अखेरीस बरेच कमी केले गेले आणि २००० मध्ये पूर्ण थांबले. ते थांबवण्याचे कारण फक्त भांडणे नव्हती. १९६६ मध्ये गोंबेच्या चिंपांझींत पोलिओची साथ आली होती. एका जागी गर्दी करून खाणाऱ्या प्राण्यांत आजार कसा पसरतो हे त्यानंतर कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

हे सगळे मी शाळेला पत्राने कळवले आणि सुचवले की मुलांनी दोन टोळ्यांच्या नोंदी ठेवाव्यात, शनिवारी मारुतीपाशी फुटाणे खायला येणारी एक आणि तोरणमाळच्या रस्त्याकडची एक. लांबूनच, काहीही खायला न देता: किती मोठे, किती पिल्ले, दर दहा मिनिटांना कोण काय करते आहे. मोठा नर ओळखता आला तर त्याच्या कानाची, शेपटीची खूण लिहावी, म्हणजे तो बदलला तर कळेल. महिन्याभराने शिक्षकांचे उत्तर आले. वह्या सुरू झाल्या होत्या. त्याच मुलीने सोबत चिठ्ठी जोडली होती: रस्त्याकडची टोळी आम्हाला बघून सावध होते, मग ती आम्ही नसताना कशी वागते ते कसे समजणार? हल्ली संशोधक यासाठी झाडाला आपोआप चालणारे कॅमेरे बांधतात, असे मी लिहिले. त्यावर शिक्षकांचा फोन आला. जुना मोबाइल बाभळीला बांधून पाहिला, चाळीस मिनिटे चित्रण झाले, आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला एका तरण्या नराने तो सोडवून नेला.